शाळेचे भवितव्य केवळ पटावर ठरवू नका : सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेला खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, शिक्षण समितीचे माननीय सभापती आणि सर्व सन्माननीय सदस्य,
सिंधुदुर्ग जिल्हा परिषद, सिंधुदुर्गनगरी.

विषय : कमी पटाच्या प्राथमिक शाळांचा कारभार, निधी आणि गुणवत्ता यांविषयी.

सन्माननीय महोदय आणि महोदया,

आपल्या जिल्ह्यातील एका वाडीवरच्या प्राथमिक शाळेच्या व्यवस्थापन समितीत मी पालक सदस्य आहे. शाळेचे नाव मी लिहीत नाही. जे मांडायचे आहे ते एका शाळेपुरते नाही, आणि या पत्रामुळे एखाद्या मुख्याध्यापकाला किंवा केंद्रप्रमुखाला खुलासे लिहीत बसावे लागावे अशी माझी मुळीच इच्छा नाही.

मार्च २०२२ मध्ये राज्यातील बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घ काळ कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. अध्यक्ष नव्हते, सभापती नव्हते, शिक्षण समितीही नव्हती. प्रशासकांनी काम केले नाही असे मला म्हणायचे नाही. पण लहान शाळांचे भवितव्य ठरवणारे निर्णय नेमके याच काळात एकामागून एक झाले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याविषयी राज्य शासनाने प्रस्ताव मागवले. १५ मार्च २०२४ रोजी संच मान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला शिक्षकांची किती पदे मंजूर करायची हे ठरवण्याचे, नवे निकष आले. २०२४-२५ या वर्षात गणवेशाची खरेदीही शाळांच्या हातून काढून राज्य पातळीवर नेण्यात आली. यांपैकी कोणत्याही वेळी ओरोसच्या, म्हणजे जिल्हा परिषदेच्या, सभागृहात उभे राहून ‘आमच्या तालुक्यात हे जमणार नाही’ असे म्हणणारा निवडून आलेला सदस्य नव्हता. आता तो आहे, आणि म्हणूनच हे पत्र मंत्रालयाला न लिहिता मी आपल्याला लिहितो आहे.

प्राथमिक शिक्षण जिल्हा परिषदेकडे का दिले गेले, याची आठवण या निमित्ताने ठेवली पाहिजे. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि जुन्या जिल्हा शाळा मंडळांची जबाबदारी त्यांच्याकडे आली. गावच्या शाळेविषयीचा निर्णय गाव ओळखणाऱ्या माणसांनी घ्यावा, हा त्यामागचा विचार होता. आज शिक्षकांचे पगार राज्य शासन देते, शिक्षकभरती पवित्र पोर्टलवरून राज्य पातळीवर होते, शिक्षकांची पदे राज्याच्या निकषांवर मंजूर होतात आणि समग्र शिक्षा अभियानाचा निधी केंद्र व राज्य ६०:४० या प्रमाणात देतात. वर्गखोल्यांची दुरुस्ती बहुतांशी जिल्हा नियोजन समितीवर अवलंबून असते, आणि त्या समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. जिल्हा परिषदेच्या हाती मग उरते काय, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. माझे म्हणणे असे आहे की कायद्याने दिलेले बरेच काही उरते, आणि ते वापरले जात नाही.

आधी पटाचा प्रश्न घेतो, कारण बाकीचे सगळे त्याच्याभोवती फिरते आहे.

२००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची एकूण लोकसंख्या वाढत असताना आपला जिल्हा दहा वर्षांत आकसला. तरुण मुंबईला, पुण्याला, गोव्याला कामाला जातात, लग्न झाल्यावर तिकडेच बिऱ्हाड करतात, आणि घरी आईवडील राहतात. ज्या वाडीत पूर्वी तीस-चाळीस मुले शाळेत जात, तेथे आज दहा-बारा उरली आहेत. हे शिक्षकांचे अपयश नाही आणि पालकांचे तर नाहीच. काही मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांच्या गाड्यांत बसून जातात, हे खरे आहे आणि त्याविषयी मी पुढे लिहिणार आहे. पण ती सगळी परत आली तरी अनेक वाड्यांवरचा पट वीसच्या वर जाणार नाही. म्हणजे कमी पट ही आपल्या जिल्ह्याची कायमची स्थिती आहे आणि कारभार तिला धरूनच आखावा लागेल. प्रत्यक्षात मात्र पट कमी असणे हा दोष मानून त्या शाळेचे शिक्षक, पैसा आणि शेवटी शाळाच काढून घेण्याकडे सगळी व्यवस्था झुकली आहे.

राज्य शासनाने समूह शाळांचा विचार पुढे आणला तेव्हा दिलेल्या आकडेवारीनुसार महाराष्ट्रात वीसपर्यंत पटाच्या १४,७८३ शाळा होत्या आणि त्यांत १,८५,४६७ मुले शिकत होती. सरासरी काढली तर एका शाळेत बारा-तेरा मुले. त्याआधी २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे १,३०० शाळा बंद करून मुलांचे जवळच्या शाळेत समायोजन करण्याचा निर्णय झाला होता. तेव्हाही आणि आताही मोजमाप एकच होते, पट. शाळेपासून पुढची शाळा किती लांब आहे, वाटेत व्हाळ (ओढा) आहे का, त्यावरचा साकव (लहान पूल) पावसात पाण्याखाली जातो का, वाट जंगलातून जाते का, सहा वर्षांच्या मुलीला त्या वाटेने कोण सोबत करणार, यांपैकी एकही गोष्ट संच मान्यतेच्या तक्त्यात लिहिण्यासाठी रकाना नाही.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत. सहावी ते आठवीसाठी विज्ञान व गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना निदान एकेक शिक्षक असावा, असे त्याच कायद्याची अनुसूची सांगते. १५ मार्च २०२४ च्या निकषांनुसार मात्र सहावी ते आठवीच्या गटात वीसपेक्षा कमी मुले असतील तर तेथे शिक्षकाचे पद मंजूर होत नाही. वर्ग चालू आहेत, मुले बसली आहेत आणि कागदावर शिक्षक शून्य. मग पहिली ते पाचवीच्या शिक्षकांनीच ते वर्ग सांभाळायचे, किंवा मुलांनी सहावीतच दूरच्या हायस्कूलचा रस्ता धरायचा. राज्यातील शिक्षक संघटनांनी ५ डिसेंबर २०२५ रोजी शाळा बंद ठेवून आंदोलन केले, त्यांच्या मागण्यांत हा शासन निर्णय रद्द करण्याची मागणी होती. शिक्षकांच्या सगळ्याच मागण्यांशी पालकांनी सहमत असावे असे नाही, पण ही मागणी आमच्या मुलांचीच आहे.

या हिशेबात मुले मोजण्याची पद्धतही तपासून पाहावी लागेल. संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट धरला जातो आणि आधार पडताळणी झालेली मुलेच त्यात येतात. देवगडच्या आंबा बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुले, चिरेखाणीवर काम करणाऱ्या परजिल्ह्यांतील आणि परराज्यांतील मजुरांची मुले जेव्हा शाळेत येतात तेव्हा त्यांना वर्गात जागा मिळते, पण पटाच्या या मोजणीत ती बसतीलच असे नाही. कधी आधारवरचे नाव आणि दाखल्यावरचे नाव जुळत नाही, कधी कुटुंब ३० सप्टेंबरनंतर येते आणि मे महिन्यात निघून जाते. आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांची नोंद ठेवणे हे कायद्याच्या कलम ९ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाचे, म्हणजे आपले, कर्तव्य आहे. ही नोंद नीट ठेवली तर पटाच्या वादात आपल्याकडे स्वतःची आकडेवारी असेल.

आता पैशाकडे येतो. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाला संयुक्त शाळा अनुदान मिळते. तीसपर्यंत पट असेल तर ते १०,००० रुपये असते, तीसच्या वर शंभरपर्यंत २५,००० रुपये. आमच्यासारख्या शाळेच्या वाट्याला महिन्याला ८३३ रुपये आले. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. उरलेल्यातून वीजबिल, खडू, नोंदवह्या, प्रिंटरची शाई, नळाची तोटी, दाराची कडी, आणि मे महिन्यात कौले परतून घेणे. ज्याने कोकणातले घर सांभाळले आहे त्याला कौले परतण्याचा खर्च सांगण्याची गरज नाही. माकडांनी फोडलेली कौले बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, दोन माणसांची दोन-तीन दिवसांची मजुरी द्यायची, एवढ्यातच वर्षाच्या अनुदानाचा मोठा वाटा जातो. शाळेत बारा मुले असोत की बावन्न, छप्पर तेवढेच असते आणि पाऊसही तेवढाच पडतो. अनुदान मात्र डोकी मोजून येते.

हे अनुदान येते कसे, तेही आपण एकदा समजून घ्यावे. शाळेच्या खात्यात प्रत्यक्ष रक्कम जमा होत नाही; शून्य शिल्लक खात्यावर खर्चाची मर्यादा दिली जाते. ती वर्षाच्या उत्तरार्धात मिळाली तर मार्चअखेरीपर्यंत खर्च करायची आणि न केली तर ती परत जाते. कौले मे महिन्यात परतावी लागतात आणि मर्यादा ३१ मार्चला संपते, त्यामुळे शिक्षक आधी स्वतःच्या खिशातून पैसे घालतात किंवा गावातील दुकानदार उधारीवर सामान देतो. जिल्हा परिषदेच्या शाळा आजवर अशा माणसांनी तगवल्या आहेत. वर्गखोलीसाठी जमीन देणारे शेतकरी, दर गणपतीत वर्गणी काढून शाळेला पंखे आणि कपाटे देणारी मुंबईकर मंडळे यांचाही त्यात वाटा आहे. हे ऋण मोठे आहे, पण सार्वजनिक शाळा दरवर्षी वर्गणीवर चालवावी लागणे हे तिच्या मालकाला शोभणारे नाही, आणि या शाळांचे मालक आपण आहात.

पोषण आहाराचे गणितही असेच आहे. १ मे २०२५ पासून पहिली ते पाचवीच्या मुलामागे साहित्यखर्चाचा दर दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आहे, तांदूळ वेगळा मिळतो. बारा मुलांचे ८१ रुपये ३६ पैसे होतात. त्यात डाळ, भाजी, तेल, मीठमसाला आणि इंधन. दोनशे मुलांच्या शाळेत या दरात घाऊक खरेदी होऊ शकते. बारा मुलांच्या शाळेत पाव किलो भाजीला बाजाराचाच भाव द्यावा लागतो. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या ताई घरच्या परसातली माठाची भाजी आणि शेवग्याच्या शेंगा घेऊन येतात, म्हणून मुलांच्या ताटात भाजी दिसते. त्यांना महिन्याला २,५०० रुपये मानधन आहे.

गणवेशाचा अनुभव मी मुद्दाम आठवण करून देतो, कारण निर्णय कोठे घेतला जावा याचे त्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. मुलामागे वर्षाला ६०० रुपये मिळतात आणि पूर्वी शाळा व्यवस्थापन समिती जवळच्या शिंप्याकडून किंवा दुकानातून गणवेश घेत असे. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य एक गणवेश’ योजनेत कापडाची खरेदी राज्य पातळीवर झाली. राज्यभर गणवेश उशिरा पोहोचले, मापे चुकली, शिलाईच्या तक्रारी आल्या. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने हा अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांना दिला. एका वर्षात हे सिद्ध झाले की वाडीतल्या पालकांची समिती हे काम राज्याच्या यंत्रणेपेक्षा वेळेवर करते. मग जी समिती गणवेशाच्या बाबतीत विश्वासाला पात्र आहे, तिला शाळेच्या भवितव्याच्या बाबतीत विचारले तरी का जात नाही?

कायद्यात तर तिला विचारणे अपेक्षितच आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, आणि मिळालेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणे हे तिचे काम आहे. कलम २२ त्याहून महत्त्वाचे आहे. समितीने शाळा विकास आराखडा तयार करायचा आणि शासनाने किंवा स्थानिक प्राधिकरणाने द्यायच्या अनुदानांचा आधार तो आराखडा असेल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. व्यवहारात क्रम नेमका उलटा झाला आहे. पटावरून रक्कम ठरते, ती वरून खाली येते, आणि मग ती रक्कम बसेल असा आराखडा लिहून फाइलला लावला जातो. एखाद्या आराखड्यात समितीने लिहिले की शौचालयाचा दरवाजा मोडला आहे, पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ होते आणि तिसरीतली दोन मुले अजून जोडाक्षरे वाचत नाहीत, तर त्यातल्या कोणत्या गोष्टीला कोणाकडून काय उत्तर मिळाले हे शोधण्याची सोय आज कोठेही नाही. आराखडा पंचायत समितीत जमा होतो. पुढे काय, ते समितीला कळत नाही.

शिक्षकांविषयी लिहिताना मला एक वर्ग आपल्यासमोर उभा करायचा आहे. एकच खोली, चार इयत्ता, एक शिक्षिका. पहिलीच्या मुलीपुढे अक्षरकार्डे मांडून दिली आहेत, दुसरीची दोन मुले काड्यांचे गठ्ठे सोडून हातच्याची वजाबाकी करत आहेत, चौथीची मुलगी तिसरीतल्या मुलाकडून धडा वाचून घेते आहे. असा वर्ग चांगला चालू शकतो. मोठी मुले लहानांना शिकवतात, लहान मुले मोठ्यांचे ऐकून पुढचे शिकतात, आणि शिक्षिकेला प्रत्येक मुलाचे घरसुद्धा ठाऊक असते. बहुवर्ग अध्यापन हे कमअस्सल शिक्षण नाही. त्यासाठी वेगळी तयारी लागते, वेगळे साहित्य लागते आणि सलग वेळ लागतो. पण इतक्यात फोनवर संदेश येतो की अमुक माहिती दुपारी बारापर्यंत भरायची आहे. यू-डायस या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन नोंदीतली दुरुस्ती, आहाराची रोजची नोंद, कोणत्या तरी उपक्रमाचे फोटो, मतदार नोंदणीचे काम. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण माहिती भरतो आणि दुसरा शिकवतो. एका शिक्षकाच्या शाळेत फोन हातात घेतला की शाळा थांबते, आणि त्या शिक्षिकेला बैठकीला बोलावले तर शाळा बंदच होते. २०२४-२५ च्या यू-डायस आकडेवारीत महाराष्ट्रातील एकशिक्षकी शाळांची संख्या ८,१५२ होती. हा प्रश्न आपल्या एका जिल्ह्याचा नाही, पण डोंगराळ आणि विखुरलेल्या वस्तीच्या जिल्ह्याला तो अधिक जाचतो.

त्यात आंतरजिल्हा बदल्यांची भर पडते. घाटमाथ्यावरचे अनेक शिक्षक येथे नोकरीला लागतात, काही वर्षे मनापासून काम करतात आणि संधी मिळाली की आपल्या जिल्ह्यात परत जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. घराजवळ काम करावेसे कोणालाही वाटते. पण त्यांच्या जागा लगेच भरल्या जात नाहीत, आणि आपल्याच जिल्ह्यातील डी.एड. झालेली मुले-मुली स्थानिकांना प्राधान्य मिळावे म्हणून ओरोसला आंदोलने करत राहतात. मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून अधिक पदे रिक्त राहू नयेत, असे कायद्याचे कलम २६ सांगते. जुलै २०२३ मध्ये सेवानिवृत्त शिक्षकांना २०,००० रुपये मानधनावर घेण्याचा, सप्टेंबर २०२४ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी १५,००० रुपयांच्या मानधनावर कंत्राटी शिक्षक घेण्याचा निर्णय झाला आणि पुढे त्यात बदल होत राहिले. मुलांना दरवर्षी नवा चेहरा पाहावा लागतो. सहा-सात वर्षांच्या मुलाला शिक्षकाची सवय व्हायलाच दिवाळी उजाडते.

गुणवत्तेचा विषय निघाला की आपल्या जिल्ह्यात दहावीच्या निकालाचा उल्लेख होतो. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून असलेल्या कोकण मंडळाचा २०२५ चा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला, राज्याचा ९४.१० टक्के. मंडळ सुरू झाल्यापासून आपण राज्यात पहिले आहोत आणि त्याचा मलाही अभिमान आहे. तरी हा निकाल प्राथमिक शाळेच्या आजच्या स्थितीचा पुरावा नाही. आज दहावी झालेले मूल पहिलीत होते ते दहा वर्षांपूर्वी, तेव्हा त्याच्या शाळेत कदाचित दोन शिक्षक होते. आजच्या एकशिक्षकी वर्गाचा परिणाम दहावीच्या निकालात दिसायला आणखी कितीतरी वर्षे जातील, आणि तोपर्यंत वेळ निघून गेलेली असेल.

डिसेंबर २०२४ मध्ये झालेल्या ‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी आणि नववीच्या मुलांची चाचणी झाली. अशी सर्वेक्षणे नमुना शाळांवर होतात. जिल्ह्याचे सर्वसाधारण चित्र त्यांतून कळते, वाडीवरच्या शाळेचे कळत नाही. शिवाय लहान शाळेत टक्केवारीला अर्थ राहत नाही. तिसरीत तीन मुले असतील आणि एकाला वाचता येत नसेल, तर ती शाळा ६७ टक्क्यांची ठरते. पुढच्या वर्षी ते मूल चौथीत गेले की तीच शाळा १०० टक्क्यांची होते. यात शाळा सुधारली नाही आणि बिघडलीही नाही. लहान शाळेचे मोजमाप एकेका मुलाच्या प्रगतीने व्हायला हवे. जूनमध्ये हे मूल कोठे होते, मार्चमध्ये कोठे पोहोचले आणि मधल्या काळात त्याला किती दिवस शिक्षक मिळाला. तिसरा प्रश्न कोणत्याही अहवालात विचारला जात नाही, आणि माझ्या मते पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर बरेचसे त्यातच आहे.

एवढे लिहिल्यावर, प्रत्येक शाळा कोणत्याही परिस्थितीत चालूच राहिली पाहिजे असे माझे मत असल्याचा समज होऊ शकतो. तसे ते नाही. दोन मुलांच्या शाळेत खेळायला जोडीदार नसतो, भांडायलाही नसतो, आणि मुलाच्या वाढीला या दोन्हींची गरज असते. मुख्य रस्त्यावर हाकेच्या अंतरावर दोन शाळा असतील आणि दोन्हींत पाच-सहा मुले असतील, तर त्या एकत्र केल्याने मुलांचा फायदाच होईल. मोठ्या शाळेत खेळाचे मैदान, वाचनालय, चित्रकलेचा शिक्षक मिळू शकतो हेही खरे आहे. इंग्रजी माध्यमाच्या गाडीत मुलांना बसवणाऱ्या पालकांशी मी बोललो आहे. त्यांतले फार थोडे इंग्रजीच्या हट्टाने गेले. बहुतेकांनी सांगितलेले कारण एकच होते, की तेथे प्रत्येक वर्गाला शिक्षक आहे. म्हणजे शिक्षक कमी केले की पट घसरतो आणि पट घसरला की शिक्षक कमी होतात. हे चक्र शाळेला संपवते आणि मग ‘पालकांनाच शाळा नको होती’ असे म्हटले जाते.

म्हणून एकत्रीकरणाचा निर्णय व्हायचाच असेल तर तो मुलाच्या वाटेवरून चालून व्हावा. राज्याच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटरच्या आत शाळा हवी. नकाशावरचा एक किलोमीटर आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाडीतला एक किलोमीटर यांत फरक आहे, आणि ऑगस्टमधला किलोमीटर तर वेगळाच असतो. वाहतुकीसाठी समग्र शिक्षा अभियानातून मुलामागे वर्षाला कमाल ६,००० रुपये मिळू शकतात. कायद्याने पहिली ते पाचवीसाठी ठरवलेल्या किमान २०० दिवसांचा हिशेब केला तर दिवसाला तीस रुपये. घाटपायथ्याच्या वाडीतून तीन मुलांसाठी नव्वद रुपयांत दोन्ही वेळा येणारी रिक्षा आपल्यापैकी कोणाला ठाऊक असेल, तर ती आम्हाला दाखवावी. वाहन आधी आणि निर्णय नंतर, असा क्रम असला तरच पालक अशा प्रस्तावावर विश्वास ठेवतील. आधी शाळा बंद करून वाहनाचा प्रस्ताव पाठवला, तर सर्वप्रथम मुलींचे शिक्षण थांबते.

आपल्याकडून मला अपेक्षित आहे ते यानंतर सांगतो. राज्याचे निकष आपण बदलू शकत नाही. पण शिक्षण समितीने आणि सर्वसाधारण सभेने ठराव करून सहावी ते आठवीच्या शून्य पदाविषयी आणि डोंगराळ तालुक्यांतील अंतराविषयी जिल्ह्याचे म्हणणे शासनाला लेखी कळवावे, ही पहिली विनंती. गेल्या काही वर्षांत असा ठराव करायला सभागृहच नव्हते.

दुसरी विनंती पैशाची आहे आणि ती आपल्या अधिकारातली आहे. जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातून शिक्षण विभागासाठी जी तरतूद होते तिच्यात तीसपर्यंत पटाच्या शाळांसाठी एक किमान देखभाल रक्कम ठेवावी, जी मुलांच्या संख्येवर नव्हे तर इमारतीवर अवलंबून असेल आणि एप्रिलमध्येच हाती पडेल, म्हणजे पावसाआधी छप्पर होईल. हा स्वउत्पन्नाचा निधी, म्हणजे सेस फंड, मर्यादित असतो आणि त्यावर रस्ते, पाणी, आरोग्य यांचाही हक्क आहे, याची मला जाणीव आहे. तरीही एका शाळेला लागणारी ही रक्कम रस्त्यावरच्या एखाद्या लहान मोरीच्या कामाहून अधिक नसेल. शौचालय आणि पिण्याच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीकडे वित्त आयोगाचा बंधित (ठरावीक कामांसाठीच वापरायचा) निधी येतो, पंधराव्या वित्त आयोगात तो साठ टक्के होता. ग्रामपंचायतीने त्यातून शाळेचे काम घेतले की नाही, हे आपल्या मतदारसंघात आपण प्रत्येक जण विचारू शकता.

सर्वांत महत्त्वाची विनंती माहितीविषयी आहे. प्रत्येक शाळेचे एक पानाचे वार्षिक विवरण दरवर्षी जूनमध्ये शाळेच्या फलकावर आणि ग्रामसभेत मांडले जावे. शाळेला वर्षभरात कोणत्या कामासाठी किती पैसे कोणत्या तारखेला मिळाले, मंजूर पदे किती आणि भरलेली किती, शिक्षक शाळाबाह्य कामासाठी किती दिवस बाहेर होते, किती मुले वयाप्रमाणे वाचू-लिहू लागली, आणि शाळा विकास आराखड्यातील कोणत्या मागणीला काय उत्तर मिळाले. मुलांची नावे त्यात असू नयेत. हे सगळे आकडे आजही कोठे ना कोठे भरलेले असतात; शिक्षकांना नवा तक्ता भरायला न लावता पंचायत समितीनेच ते एका पानावर आणावेत. ज्या शाळेच्या एकत्रीकरणाचा विचार आहे तिचे विवरण आणि वाटेची प्रत्यक्ष पाहणी शिक्षण समितीपुढे आल्याशिवाय, आणि त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीला बोलावून ऐकून घेतल्याशिवाय, कोणत्याही प्रस्तावाला जिल्हा परिषदेने संमती देऊ नये.

एकशिक्षकी शाळांच्या बाबतीत तर आपण उद्यापासूनच काही करू शकता. त्या शाळेच्या शिक्षकाला शाळेच्या वेळेत बैठकीला बोलावायचे नाही आणि माहिती मागवायची झाल्यास ती शाळा सुटल्यानंतरच मागवायची, अशी लेखी सूचना मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांमार्फत काढता येईल. त्याला एक रुपयाही खर्च नाही. रजेच्या दिवशी पर्यायी शिक्षक कोण येणार, याची केंद्रनिहाय यादी वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करता येईल.

३० सप्टेंबरच्या पटनोंदणीपूर्वी शिक्षण समितीच्या एका बैठकीत हा विषय घ्यावा आणि आठही तालुक्यांतील कमी पटाच्या शाळांच्या व्यवस्थापन समित्यांना तेथे बोलण्याची संधी द्यावी. आमच्या समितीने शाळा विकास आराखडा पूर्ण केला आहे. छप्पर, पाणी, दुसऱ्या शिक्षकाचे पद आणि पावसाळ्यात तुटणारी वाट या चार गोष्टी त्यात लिहिल्या आहेत. तो गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत आपल्याकडे येईल. त्यातल्या प्रत्येक मागणीवर होय किंवा नाही, जे असेल ते लेखी कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक पालक सदस्य,
जिल्हा सिंधुदुर्ग